आधी काय लावलंत?

त्वचेच्या डॉक्टरकडे माणूस थेट येत नाही. मेडिकलवाला, शेजारीण, गावाकडची मावशी, कटिंगच्या दुकानातला पोरगा, मोबाइलवर भेटलेला कुणी वैद्य, इतक्यांचा सल्ला घेऊन झाला की मग आमची पाळी येते. क्रांती चौकाजवळच्या माझ्या दवाखान्यात समोरच्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या हातात बहुतेकदा एक कॅरीबॅग असते. तिच्यात शेपटीपासून गुंडाळत आणलेल्या ट्यूबा असतात, खोकल्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं काळपट तेल असतं, जाहिरात बघून मागवलेला साबण असतो. काही जण ती पिशवी लपवून ठेवतात. म्हणून 'काय होतंय?' याच्या आधी मी विचारते, 'आधी काय लावलंत?' याचं खरं उत्तर मिळालं की निम्मं निदान झालेलं असतं.

हा चौक तसा शहराचा नाकाच. जालना रोडने पूर्वेला गेलं की मोंढा नाका, आकाशवाणी, सिडको. पश्चिमेला बाबा पेट्रोल पंप आणि छावणी ओलांडून वाळूजची एमआयडीसी. एका अंगाला पैठण गेट, गुलमंडीचं जुनं शहर आणि दुसऱ्या अंगाला उस्मानपुरा, रेल्वे स्टेशन. 1857 मध्ये बंड केलेल्या इथल्या घोडदळातल्या सैनिकांना काळ्या चबुतऱ्यावर देहदंड दिला गेला, त्यांच्या आठवणीने हा क्रांती चौक. आता तिथे शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, उड्डाणपूल आहे आणि दिवसभर न संपणारी वाहतूक आहे. एसटी स्टँडही फार लांब नाही. त्यामुळे माझ्या बाकड्यावर सिल्लोडचा मिरची उत्पादक, वाळूजचा सीएनसी ऑपरेटर, शहागंजातली कॉलेजची मुलगी आणि समर्थनगरातले निवृत्त बँक अधिकारी शेजारी शेजारी बसलेले असतात. कुणी म्हणतं 'लई खाजतंय मॅडम', कुणी म्हणतं 'डॉक्टरसाब, खुजली जातीच नै'. पिशवीतल्या ट्यूबा मात्र सगळ्यांच्या त्याच त्या निघतात.

मी मूळची अंबड तालुक्यातली. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. एमबीबीएस झालं घाटीत, म्हणजे 1956 साली सुरू झालेल्या इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात. अख्खा मराठवाडा त्याला घाटीच म्हणतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी त्वचारोग विषय घेतला, हे घरी सांगितलं तेव्हा वडील जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'म्हणजे खरजेची डॉक्टर होणार तू?' माझ्या वर्गातल्यांचं मतही फार वेगळं नव्हतं. डॉक्टरांमध्ये या शाखेवर एक जुना विनोद आहे: त्वचेचा रुग्ण मरत नाही, बरा होत नाही आणि रात्री झोपेतून उठवत नाही.

तो विनोद वॉर्डात शिरल्यावर टिकत नाही. आमच्या पदवीचं पूर्ण नावच त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असं तिहेरी आहे. ज्या तीन गोष्टी माणूस दुसऱ्यापासून लपवतो, त्या तिन्ही एकाच खात्यात आल्या आहेत. शिकाऊ डॉक्टर म्हणून मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पेम्फिगसच्या रुग्णांनी. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे दुवे तोडते. अंगभर फोड येतात, फुटतात आणि साल निघालेल्या अंगाला चादर चिकटते. तोंडातही फोड असतात, त्यामुळे पाणी गिळवत नाही. चादर चिकटू नये म्हणून आम्ही अशा रुग्णाला केळीच्या पानांवर झोपवायचो. पानं गार असतात, गुळगुळीत असतात, रोज बदलता येतात आणि महाराष्ट्रात कुठेही मिळतात.

स्टिरॉइड हाती येण्याआधी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. कॉर्टिसोनवरच्या संशोधनाला 1950 चं नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी, 1952 मध्ये, सल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसब शमतो हे दाखवून दिलं. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी 1980 च्या दशकात स्टिरॉइडचा मोठा डोस ठरावीक अंतराने शिरेतून देण्याची 'पल्स' पद्धत पेम्फिगससाठी बसवली आणि देशभरच्या वॉर्डांत ती वापरली गेली. महिन्यापूर्वी केळीच्या पानावर कण्हणारी बाई स्वतःच्या पायांनी फॉलोअपला चालत येते, हे मी याच औषधामुळे पाहिलं. म्हणून स्टिरॉइडचं नाव काढताच जे नाक मुरडतात त्यांच्यातली मी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. वॉर्डात आम्ही वजन करून, रक्त तपासून, साखर आणि रक्तदाब बघून जे औषध देतो, तेच बाहेर एखाद्या गोळीबिस्किटासारखं मागितलं जातं आणि मिळतंही.

सगळ्यात जास्त मागितलं जातं ते नायट्यासाठी. गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, शहरी भाषेत फंगल म्हणा. मी शिकत होते तेव्हा हा किरकोळ आजार होता. एक मलम, दोन-तीन आठवडे, विषय संपला. साधारण 2013-14 पासून देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या लक्षात यायला लागलं की आता तसं होत नाही. जांघेतला नायटा कमरेवर, कमरेवरून पाठीवर, आईचा मुलाला, मुलाचा आजीला. बरा होतो आणि महिन्याभरात परततो. या नव्या बुरशीला जपानी संशोधकांनी 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं. तिच्या एका जनुकात बदल झालेला असल्यामुळे टर्बिनाफिन हे आमचं जुनं भरवशाचं औषध तिच्यावर पुष्कळदा चालत नाही.

बुरशीच्या या चिवटपणाला त्या ट्यूबांनी भरपूर हात दिला, असं माझं मत आहे. दुकानात मिळणाऱ्या मिश्र मलमात तीन गोष्टी एकत्र असतात: एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं आणि एक जालीम स्टिरॉइड, बहुधा क्लोबेटासोल. लावल्यावर दुसऱ्या दिवशी खाज थांबते, लाली उतरते. माणूस खूश. खाज आणि लाली ही खरं तर शरीराने बुरशीविरुद्ध उभारलेली झुंज असते. स्टिरॉइड ती झुंजच दाबतं. घरात चोर शिरलेला असताना राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधावं, तसा हा प्रकार. गलका थांबतो आणि चोराला रान मोकळं. ट्यूब बंद केली की खाज दुप्पट जोमाने येते, माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. असं वर्षभर चाललं की नायट्याचं गोल कडं मोडतं, त्याचा चेहरामोहरा असा बदलतो की जाणकार डॉक्टरही क्षणभर अडखळतो. जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर गरोदर बाईच्या पोटावर असतात तसे पट्टे उमटतात. विशीतल्या तरुणाच्या मांड्यांवरचे हे पट्टे पुढे कोणत्याही औषधाने पूर्ण जात नाहीत.

अशा रुग्णाला मी औषधापेक्षा जास्त वेळ सांगण्यात घालवते. बुरशी घरातल्या आणखी कुणाला असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे, नाही तर ती घरातच फिरत राहील. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आंघोळीनंतर जांघा, बगला, पायांच्या बोटांमधली जागा कोरडी करूनच कपडे घालायचे. घट्ट जीन्स आपल्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर तरी कपाटात ठेवा. मलम नुसतं चट्ट्यावर न लावता कडेच्या बाहेर दोन बोटं लावायचं, आणि डाग दिसेनासा झाला तरी पुढे निदान दोन आठवडे थांबायचं नाही. या शेवटच्या वाक्याला सगळे मान हलवतात. पाळणारे थोडे.

एकदा वाळूजचा एक तरुण कामगार मला म्हणाला, 'मॅडम, बारा तासांची ड्यूटी, बूट काढायला मिळत नाही, खोलीवर सहा जण, कपडे वाळवायला एक दोरी. तुम्ही सांगता ते सगळं पटतं, पण करू कुठं?' त्याचं म्हणणं खरं होतं. स्वच्छतेचे धडे देताना समोरच्याच्या घरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे आधी विचारायला हवं. आपल्या शहराला जायकवाडीचं पाणी येतं, पण ते घरात पोचतं काही काही दिवसांच्या अंतराने. ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यात सहा जणांचे कपडे रोज धुवा, असं सांगणं म्हणजे तोंडदेखला सल्ला.

खरजेच्या बाबतीत यावर एक उपाय आहे आणि तो मी सगळ्यांना सांगते. खरजेचा किडा त्वचेत बीळ करून राहतो. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुटकुळ्या येतात. पर्मेथ्रिनचं मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडांसकट, खाज असो वा नसो, घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री लावायचं आणि साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. राहिले कपडे आणि पांघरुणं. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. पाणी असेल तर गरम पाण्यात धुवा. नसेल तर गोधड्या प्लॅस्टिकच्या पोत्यात तोंड बांधून आठवडाभर ठेवून द्या. पाण्याचा थेंबही लागत नाही. आणखी एक सांगायचं असतं: खरूज घाणेरड्यांनाच होते असं काही नाही. एका पांघरुणात झोपणाऱ्यांना होते, मग ते झोपडीतले असोत की वसतिगृहातले. किडा मेल्यावरही दोन-चार आठवडे थोडी खाज राहते, तिला घाबरून पुन्हा पुन्हा मलम फासायचं नाही.

आजीच्या बटव्यातल्या औषधांबद्दल माझ्या मनात राग नाही, पण सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचा कोळ लावतात. गार वाटतं, नुकसान काही नाही. या पित्ताचा पोटातल्या पित्ताशी संबंध नसतो; त्वचेतल्या पेशींमधून हिस्टामिन सुटतं, म्हणून गांधी उठतात. साध्या गोळीने त्या उतरतात. मात्र ओठ-पापण्या सुजल्या, श्वास लागला, तर आमसूल शोधत बसू नका, जवळचं हॉस्पिटल गाठा.

बिब्ब्याचं मात्र तसं नाही. गुडघेदुखीवर, टाचेच्या भेगेवर बिब्बा घालण्याची पद्धत आमच्याकडे गावोगाव आहे. बिब्ब्याच्या तेलात त्वचेला जाळणारे, ॲलर्जी आणणारे पदार्थ असतात. आंबा आणि काजू याच कुळातले. काजूच्या टरफलाचं तेल कामगारांचे हात सोलून काढतं ते याच जातीच्या रसायनांमुळे. बिब्बा उतला की लावलेल्या जागेवर काळा डाग आणि भोवती पाण्याचे फोड येतात, कधी कधी अंगभर पुरळ येतं. गुडघ्याच्या दुखण्यासाठी आलेली म्हातारी मग माझ्या वाट्याला येते, आणि गुडघा दुखतच असतो.

नागिणीची भीती तर अजून आहे तशीच आहे. कमरेला एका बाजूला आग होणारे फोडांचे झुबके आले की घरातले गेरू नाही तर काव लावतात आणि तोंडाला तोंड मिळू नये म्हणून देव पाण्यात ठेवतात. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू. तो मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून असतो आणि वय वाढलं, शरीर थकलं की त्या एकाच तंतूच्या वाटेने बाहेर पडतो. तो तंतू शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतो, म्हणून पट्टा अर्ध्यावर थांबतो. विळखा पूर्ण होऊन माणूस मरतो, ही गोष्ट खोटी. खरी घाई वेगळ्याच कारणासाठी करायची असते: विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या बहात्तर तासांत सुरू झाल्या तर त्यांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. काव लावण्यात ते तीन दिवस गेले, तर म्हाताऱ्या माणसाला पुढे महिनोन्‌महिने ठणका सोसावा लागू शकतो. डोळ्याजवळची नागीण असेल तर तासही दवडू नये.

शेतातून येणाऱ्या आजारांत गाजरगवताची ॲलर्जी मला पटकन ओळखू येते. पन्नाशीचा शेतकरी, कपाळ, पापण्या, मान, कोपराच्या खाचा जाड आणि काळवंडलेल्या. लेकीकडे मुंबईला गेला की आराम, गावी परतला की पुन्हा सुरू. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे गवत आता बांधाबांधावर आहे, आणि त्याच्या ॲलर्जीची पहिली वैद्यकीय नोंदही पुण्यातूनच झाली. फुलोऱ्यावर येण्याआधी ते उपटावं, उपटताना हातमोजे आणि अंगभर कपडे असावेत, आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याने ते काम स्वतः करूच नये. एमआयडीसीतले हात वेगळे. कूलंट आणि कटिंग ऑइलने फाटलेले, त्यात सुटी होताना थिनर नाही तर रॉकेलने धुतलेले. त्यांना मी मलमाआधी थिनर बंद करायला सांगते.

आता चेहऱ्याकडे येते. नायट्यानंतर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो बिघडवलेल्या चेहऱ्यांवर. वांगासाठी वापरायच्या एका मिश्र मलमात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असतं. क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 मध्ये असं मिश्रण मांडलं, ते थोड्या आठवड्यांसाठी आणि डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं औषध म्हणून. आपल्याकडे ते गोरं करणारी क्रीम म्हणून मैत्रिणीमैत्रिणींत फिरतं. पहिल्या महिन्यात चेहरा खरंच उजळतो, कौतुक होतं. मग उन्हात गेलं की आग होते, गालांवर लाल रक्तवाहिन्यांची जाळी दिसते, हनुवटीवर लव वाढते, पुटकुळ्या येतात. थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून थांबवता येत नाही. या अवस्थेला भारतीय डॉक्टरांनी स्वतंत्र नाव दिलं आहे आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने त्याविरुद्ध वेगळा कृतिगट नेमला आहे. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा बदल केंद्र सरकारने 2018 मध्ये औषध नियमांत केला. नियम आहे. कॅरीबॅगमधल्या ट्यूबाही आहेत.

अशा मुली एकट्या कधीच येत नाहीत. आई, मावशी किंवा होणारी सासू सोबत असते. 'मॅडम, पुढच्या महिन्यात बघायला येणारेत, तोवर काहीतरी करा.' मी त्यांना सांगते की पुढच्या महिन्यात चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसेल, कारण ट्यूब सुटताना तो चवताळणारच. दोन-चार महिने सोसलं तर पुढची वर्षं चांगली जातील. काही जणी ऐकतात. काही जणी उठून दुसऱ्या दवाखान्यात जातात, तिथे त्यांना हवी ती ट्यूब मिळते. क्रीम कुठली आहे हेच माहीत नसेल तर धोका आणखी मोठा. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना गोरं होण्याच्या क्रीममुळे इजा झाल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीतून पुढे आलं होतं. त्या क्रीममध्ये पारा होता. लेबल नसलेल्या डबीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

घाईच्या मुळाशी लाज असते, हे मला सगळ्यात स्पष्ट कळलं ते पांढऱ्या डागांच्या रुग्णांमुळे. कोड म्हणजे प्रतिकारशक्तीने त्वचेतल्या रंगपेशी मारल्यामुळे उमटलेले डाग. ते कुणाला लागत नाहीत, दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने येत नाहीत, पाप-पुण्याशी त्यांचा संबंध नाही, आणि श्वेतकुष्ठ असं त्यांना म्हटलं जात असलं तरी कुष्ठरोगाशी तर मुळीच नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी 'श्वेता' ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2006 चा 'नितळ' हा चित्रपट कोड असलेल्या एका डॉक्टर तरुणीच्या लग्नाभोवती फिरतो. रुग्णाच्या आईवडिलांना मी तो आवर्जून बघायला सांगते. अतिनील किरणांचे उपचार, नवी मलमं, त्वचारोपण यांमुळे पुष्कळांचा रंग बराचसा परत येतो. ओठ आणि बोटांच्या टोकांवरचे डाग मात्र हट्टी असतात, हेही पहिल्याच भेटीत सांगून टाकावं.

कुष्ठरोगाचा चट्टा पांढराफटक नसतो. तो फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्षित राहतो. कापसाची वात करून टेकवली तर तिथे स्पर्श कळत नाही. तपासणीला लागतं एवढंच. कुष्ठरोग्यांसाठीचं आनंदवन वरोऱ्याला आहे. बाबा आमटे यांनी 1949 च्या सुमारास ते उभं केलं तेव्हा या रोगावर हाताशी डॅप्सोनशिवाय फारसं काही नव्हतं. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. आज सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेऊन माणूस पूर्ण बरा होतो आणि त्या गोळ्या प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. डिसेंबर 2005 मध्ये सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं देशपातळीवर दूरीकरण झाल्याचं ठरलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानणारी तरतूद 2019 मध्ये कायद्यातून निघाली. तरी महाराष्ट्रात दर वर्षी नवे रुग्ण सापडतात, आणि निदान ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'घरी सांगावं लागेल का?'

अशा वेळी मी हातमोजा काढते आणि त्यांचा चट्टा उघड्या बोटांनी पुन्हा तपासते. वैद्यकीयदृष्ट्या त्याची गरज नसते. पण सोबत आलेला भाऊ किंवा बायको ते बघत असते, आणि माझ्या दहा वाक्यांपेक्षा त्यांना ते जास्त पटतं.

आता केसांबद्दल. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात डिसेंबर 2024 अखेरीला शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस मुळापासून गळायला लागले. दोन-चार दिवसांत टक्कल. आधी संशय शाम्पूवर, मग बोअरच्या पाण्यावर. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्त, लघवी आणि केसांत तसंच तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण जास्त आढळल्याचं मांडलं. त्या दिवसांत माझ्याकडे रोज कुणीतरी कंगव्यातले केस कागदात गुंडाळून आणत असे. तापानंतर, बाळंतपणानंतर, उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि आपोआप येतात. चाई पडली तर तिचा उपचार वेगळा. हे सगळं समजावून सांगायला वेळ लागतो. पण तेल बदलून दमलेल्या माणसाला तेलाची आणखी एक बाटली देण्यापेक्षा तो वेळ देणं स्वस्त पडतं.

वाचकांना माझं सांगणं थोडक्यात आहे. ट्यूबवर लाल उभी रेघ असेल किंवा औषधाच्या नावात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं, तर ती चिठ्ठीशिवाय घेऊ नका आणि एकाची ट्यूब दुसऱ्याला देऊ नका. बरेच दिवस वापरत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टरला दाखवून उतरवा. न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा दिसला तर आरोग्य केंद्रात जा. निदान आणि औषध दोन्ही मोफत आहे. आणि डॉक्टरकडे येताना ती कॅरीबॅग घेऊन या. आतलं सगळं टेबलावर काढा. रागावण्यासाठी आम्ही ते विचारत नाही. आधी काय लावलंय हे कळल्याशिवाय पुढे काय लावायचं, हे कुठल्याच डॉक्टरला नीट सांगता येत नाही.